सोनी रॉलिन्स : हार्लेम ते पवई

सोनी रॉलिन्स हे नाव आपल्या चोपड्यात कुणाला माहीत असायचं काही कारण नाही. जळगावात नसेल, धुळ्यात नसेल. मुंबईत चार-दोन बड्या हॉटेलांत बसणाऱ्यांना असेल. पण मला वाटतं, हे नाव आपल्याला माहीत पाहिजे होतं. ते आपल्यापर्यंत आलं नाही, याला कारणं आहेत.

अमेरिकेतल्या काळ्यांशी आपलं नातं जुनं. डॉ. म. ना. वानखेडे तिकडे शिकून आले आणि मिलिंदच्या आवारात निग्रो साहित्याची चर्चा सुरू झाली. (निग्रो हा त्या वेळचा शब्द. आज तिकडे तो कुणी वापरत नाही. मीही पुढे काळे असंच म्हणणार.) १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून आलं. मग कवी आले, कादंबरीकार आले, पुढाऱ्यांची भाषणं आली. छापील जे जे होतं ते आलं. पण त्या लोकांनी आपलं सगळ्यात मोठं काम कागदावर केलंच नव्हतं. ते केलं होतं फुंकून, पितळेच्या नळीतून. त्याचं भाषांतर करायला कुणी बसलं नाही. बसणार तरी कसं? त्यात शब्दच नाहीत.

आणि गंमत बघा. त्या फुंकणाऱ्यांतला एक सगळ्यात मोठा माणूस आपल्याच महाराष्ट्रात, मुंबईत पवईला, चारेक महिने राहून गेला. आपल्याला त्याचा पत्ता नाही.

तर हा त्याचा इतिहास. त्यातही त्याच्या आधीच्या वर्षांचा जास्त. कारण माणूस मोठा झाल्यावर त्याचे हारतुरे सगळेच मोजतात.

सोनीचं खरं नाव वॉल्टर थिओडोर रॉलिन्स. जन्म ७ सप्टेंबर १९३०, न्यूयॉर्क शहरातल्या हार्लेममध्ये. हार्लेम म्हणजे काळ्यांची वस्ती, पण झोपडपट्टी नव्हे. शहराच्या पोटातलं काळ्यांचं शहरच म्हणा. आईबाप मूळचे वर्जिन आयलंड्स या बेटांवरचे. ही बेटं आधी डेन्मार्कच्या ताब्यात होती. १९१७ ला अमेरिकेनं ती पैसे मोजून विकत घेतली. जमीन विकली तशी माणसंही आपोआप या मालकाकडून त्या मालकाकडे गेली. बाप नौदलात होता. नौदल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बंदूक येते. पण त्या काळच्या अमेरिकन नौदलात काळ्या माणसाला बंदूक नव्हती. आचारी, वाढपी, साहेबाचा हुजऱ्या, एवढीच कामं. १९४२ पर्यंत हा लेखी नियम होता. आपल्याकडेही महारांची लष्करभरती इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास बंद केली होती, हे वाचणाऱ्याला आठवेलच.

पोराला घडवलं आजीनं. ती मार्कस गार्व्हीच्या चळवळीतली बाई. काळ्यांनी आपल्या पायावर उभं राहावं, आफ्रिकेचा अभिमान धरावा, असं सांगणारा हा गार्व्ही. अमेरिकन सरकारनं त्याला तुरुंगात टाकून १९२७ ला देशाबाहेर काढला, पण हार्लेमच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या मनातून तो गेला नाही. ही आजी लहानग्या सोनीला बोटाला धरून मोर्च्यांना न्यायची. आपल्याकडे माय पोराला कडेवर घेऊन चवदार तळ्याच्या सभेला जाते, तसं.

इथं एक भूगोल सांगून ठेवतो. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला शिकले, ते कोलंबिया विद्यापीठ टेकाडावर आहे आणि टेकाड उतरलं की हार्लेम. सोनीचं घर पुढे हार्लेमच्याच वरच्या अंगाला, शुगर हिल म्हणतात त्या भागात गेलं. डॉक्टर, वकील, वाजवणारे, लिहिणारे असे मिळवते काळे लोक तिथं राहत. ४०९ एजकोम्ब अव्हेन्यू नावाची एक उंच इमारत आहे, तिच्यात १९४० च्या दशकात डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस राहायचे. याच डुबॉईसना बाबासाहेबांनी १९४६ च्या जुलैत पत्र लिहिलं. काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केलाय असं वाचलं, त्याच्या प्रती पाठवा, अस्पृश्यांचा प्रश्नही तिथं न्यायचा विचार आहे, अशा आशयाचं. डुबॉईसनी ३१ जुलैला उत्तर दिलं. तेव्हा सोनी पंधरा वर्षांचा होता. त्याच टेकडीवर, चार गल्ल्या अंतरावर पोरगं साक्साफोनवर सूर घोटत होतं. या पत्रावर आपल्यात आता पुष्कळ लिहिलं जातं. त्या पोराच्या सुरांवर मात्र एक ओळ नाही.

आता साक्साफोन म्हणजे काय ते सांगतो. आपल्यातल्या पुष्कळांनी तो पाहिलाय, नाव माहीत नसेल एवढंच. हुक्क्यासारखी वाकडी, तोंड वर केलेली पितळी नळी, अंगभर बटणं आणि झाकणं. अदोल्फ साक्स नावाच्या बेल्जियन कारागिरानं ती बनवली आणि १८४६ ला पॅरिसमध्ये तिचं पेटंट घेतलं. वाद्य पितळेचं, पण सूर निघतो तोंडातल्या वेताच्या पातळ पट्टीतून. तिला रीड म्हणतात. सनईला जशी जिभली, तशी ही. म्हणून कर्ण्याचा दणका आणि माणसाच्या गळ्याची थरथर, दोन्ही तिच्यात येतात. साक्सनं ती मुख्यतः लष्करी बँडासाठी काढली. पण लष्कराचं वाद्य लष्करात राहत नाही. पलटणी मोडल्या, बँड मोडले की वाद्यं बाजारात स्वस्तात येतात आणि ज्यांच्या हातात दुसरं काही नाही त्यांच्या हातात पडतात. अमेरिकेत ती काळ्यांच्या हातात पडली. इकडे इंग्रजांच्या छावण्यांतून निघाली आणि लग्नाच्या बँडपार्टीत आली. डफडं-सनई वाजवणाऱ्या जातींनीच पुढे लाल कोट, सोनेरी झालर घातली आणि क्लॅरिनेट, ट्रम्पेट, साक्साफोन उचलला. खानदेशात तर बँडाशिवाय वरात नव्हती. आता डीजे आला, ते सोडा.

माझा एक मामा बँडात साक्साफोन वाजवायचा. लग्नसराईत वाजवायचं, पावसाळा लागला की केळीच्या मळ्यात निंदणी-खुरपणी. एकदा तापीकाठच्या एका गावी सुपारी होती. दुपारच्या वरातीत चार तास वाजवलं. जेवायची वेळ झाली तेव्हा बँडवाल्यांची पंगत उकिरड्याच्या अंगाला, आणि तीही शेवटी. मामानं रीड काढून खिशात घातली आणि म्हणाला, आता वाजत नाही, भो. मालक म्हणाला, बिघडलं का? मामा म्हणाला, हो, बिघडलं. वाद्यातलं काय बिघडलं ते मालकाला शेवटपर्यंत समजलं नाही. हे मी का सांगतोय, ते पुढे १९५८ साल आलं की कळेल.

सोनीला नाद लागला लुई जॉर्डनमुळे. जॉर्डन हा त्या काळचा नाचायला लावणारा साक्साफोनवाला. सोनीच्या शाळेसमोरच्या क्लबात तो वाजवायचा, बाहेर त्याचे चकचकीत फोटो लावलेले. टेलकोट, हातात झळाळता साक्स. पोरानं फोटो पाहिला आणि ठरवलं. आईनं जुनापाना साक्साफोन घेऊन दिला, आल्टो जातीचा, म्हणजे धाकटा. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून पोरगं कपड्यांच्या कपाटात शिरून वाजवायचं. तासन् तास. आई जेवायला हाका मारून थकायची.

मग कोलमन हॉकिन्स. टेनर साक्साफोन, म्हणजे आल्टोचा थोरला भाऊ, हा आधी सर्कशीतल्या विदूषकाचं वाद्य समजला जायचा. हॉकिन्सनं त्याला मोठ्या माणसाचा आवाज दिला. ऑक्टोबर १९३९ ला त्याची ‘बॉडी अँड सोल’ ही तबकडी निघाली. मूळ चाल पहिल्या काही क्षणांपुरतीच, पुढे सगळं हॉकिन्सच्या मनातलं. आणि तरी ती दारूच्या गुत्त्यातल्या पेटीयंत्रावर वाजली, लोकांनी चार-चारदा नाणी टाकून ऐकली. लोकांना अवघड कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. हॉकिन्स शुगर हिललाच राहायचा. सोनी फोटो घेऊन त्याच्या दारात बसून राहिला, सही मिळेपर्यंत. सोळाव्या वर्षी त्यानंही टेनर घेतला.

गल्लीतली पोरं जमली. जॅकी मॅक्लीन, केनी ड्रू, आर्ट टेलर. पुढे ही सगळी जॅझमधली मोठी नावं झाली. एकाच मोहल्ल्यातून एवढी निघाली हा चमत्कार नव्हे. शेजार होता, घरात जुनी का होईना वाद्यं होती, आणि समोरून जाणारा माणूस हॉकिन्स होता. आपल्या वस्त्यांतून शाहीर निघाले तेही असेच निघाले. रक्तातच असतं असं जे म्हणतात त्यांचा मला राग येतो. रक्तात काही नसतं. कपाटात बसून वाजवावं लागतं.

पण शेजार हार्लेमपुरताच. हायस्कूलसाठी सोनीला गोऱ्या इटालियनांच्या भागातल्या बेंजामिन फ्रँकलिन शाळेत जावं लागायचं. १९४५ च्या शरदात तिथं मारामाऱ्या झाल्या. काळी पोरं रस्त्यानं निघाली की वरच्या खिडक्यांतून वस्तू फेकायचे. शेवटी इटालियनांचा लाडका गायक फ्रँक सिनात्रा शाळेत आला आणि हे बंद करा म्हणून बोलला. मारामाऱ्या करणारी पोरंही शाळेत जाणारीच होती, हेही लक्षात घ्यावं. वरचा वर्ग नव्हता तो, कालपरवा जहाजातून उतरलेले गरीबच. आपल्या गावात आपल्याला कोण मारतं, ते आठवा.

शाळा १९४८ ला संपली. १९४९ ला, अठराव्या वर्षी, पहिलं रेकॉर्डिंग. थेलोनियस मंक नावाचा विलक्षण पियानोवाला त्याला घरी बोलवून तालमीत बसवायचा. मोठमोठे वाजवणारे कुरकुरायचे की मंकच्या चाली वाजवणं अशक्य आहे, आणि त्यांच्यात हे शाळकरी पोरगं बसलेलं असायचं. माइल्स डेव्हिसनं त्याला आपल्या बँडात घेतलं. विशीतच लोक म्हणू लागले, हॉकिन्सनंतर हाच.

आणि इथंच घात झाला. हेरॉईन. त्या काळी जॅझवाल्यांत हे विष घरोघर होतं. सगळ्यांचा देव चार्ली पार्कर स्वतः घ्यायचा, म्हणून पोरांना वाटायचं की पार्करसारखं वाजवायचं तर पार्करसारखं टोचावं लागतं. पैसे संपले. १९५० मध्ये सोनी शस्त्र घेऊन चोरी करताना पकडला गेला आणि न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरच्या तुरुंगात दहा महिने राहिला. सुटला, पुन्हा सापडला, पुन्हा आत. न्यूयॉर्कला तेव्हा असा कायदा होता की दारू मिळते अशा क्लबात वाजवायचं तर पोलिसांचं ओळखपत्र पाहिजे, आणि नशेचा डाग लागला की पोलीस ते काढून घ्यायचे. मंकचं १९५१ ला काढून घेतलं ते १९५७ पर्यंत दिलं नाही. सहा वर्षं आपल्याच शहरात त्या माणसाला क्लबाची दारं बंद. कायदा सगळ्यांना सारखा होता, असं कागदावर म्हणता येईल. आपल्याकडच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याची चव ज्यांनी घेतली त्यांना कागद आणि पोलीस यांतला फरक सांगायला नको.

जानेवारी १९५३ मध्ये माइल्सच्या एका रेकॉर्डिंगला पार्कर आणि सोनी एकत्र होते. पार्करनं त्या दिवशी सोनीसारखाच टेनर वाजवला. पार्करनं विचारलं, सोडलंस का रे? सोनी म्हणाला, सोडलं. ते खोटं होतं. थोड्या वेळानं कुणीतरी पार्करला खरं सांगून टाकलं आणि पार्करचा चेहरा पडला. सोनी पुढे आयुष्यभर हा प्रसंग सांगत राहिला. त्याला त्या दिवशी कळलं की हा माणूस स्वतः बुडतोय, पण आपण बुडावं असं त्याला वाटत नाही. १९५५ मध्ये सोनी केंटकी राज्यात लेक्सिंग्टनच्या सरकारी इस्पितळात दाखल झाला. नशा सोडवण्यासाठी सरकारनं १९३५ ला काढलेलं हे अर्धं इस्पितळ, अर्धा तुरुंग. बरा होऊन पार्करला तोंड दाखवायचं होतं. १२ मार्च १९५५ ला पार्कर मेला. वय चौतीस.

बाहेर आल्यावर सोनी न्यूयॉर्कला गेला नाही. तिथं जुने सोबती होते. तो शिकागोत राहिला. झाडूपोछा केला, ट्रकमध्ये माल भरला. संध्याकाळी क्लबातले जुने दोस्त हाक मारायचे, चल, एक घे. तो नको म्हणायचा आणि पाय लटपटायचे, असं त्यानंच सांगितलंय. हे महिने त्याच्या चरित्रात दोन ओळींत उरकतात. मला ते सगळ्यात मोठे वाटतात. ज्याला लोक राजा म्हणायला निघाले होते त्यानं हातात झाडू घेतला आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. आपल्यासाठी झाडू ही वेगळी गोष्ट आहे हे मला कळतं. आपल्याला झाडू जन्मानं दिला, त्यानं तो जगायला घेतला. तरीही.

नोव्हेंबर १९५५ ला तो क्लिफर्ड ब्राऊन आणि मॅक्स रोच यांच्या बँडात गेला. ब्राऊन ट्रम्पेटवाला, सोनीच्याच वयाचा. दारू नाही, नशा नाही आणि वाजवणं असं की ऐकणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. म्हंजे पार्करनं जे खोटं शिकवलं होतं ते यानं खोडून काढलं. चांगलं वाजवायला विष लागत नाही.

मग १९५६ साल. आपलं साल. आपल्याला १४ ऑक्टोबरची नागपूरची दीक्षाभूमी आठवते आणि ६ डिसेंबर आठवतो. त्याच वर्षी २२ जूनला सोनीनं ‘साक्सोफोन कोलोसस’ ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. कोलोसस म्हणजे अवाढव्य पुतळा. तिच्यातली पहिली चीज ‘सेंट थॉमस’, म्हणजे आईच्या बेटाचं नाव. लहानपणी आई गुणगुणायची ती बेटावरची चाल त्यानं घेतली आणि जॅझच्या दरबारात आणून बसवली. तोवर जॅझवाले असल्या चालींना गावठी समजायचे. चौथ्या दिवशी, २६ जूनला, पेनसिल्व्हेनियाच्या हमरस्त्यावर पावसात मोटार उलटून क्लिफर्ड ब्राऊन गेला. पंचवीस वर्षांचा होता.

पुढच्या वर्षी सोनीनं एक धाडस केलं. पियानो काढून टाकला. साक्साफोन, बास आणि ढोल, बस्स. पियानो असला की तो सुरांची चौकट धरून ठेवतो, वाजवणाऱ्याला आधार असतो, पण कुंपणही असतं. समीक्षकांना ही फार मोठी क्रांती वाटली. मला हसू येतं. आपल्याकडे सनई आणि संबळ, एवढ्यावर रात्र निघते. पेटी मागाहून आली.

आणि १९५८. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यानं ‘फ्रीडम सुट’ ध्वनिमुद्रित केलं. बासवर ऑस्कर पेटिफोर्ड, ढोलावर मॅक्स रोच. तबकडीची एक बाजू सलग एकोणीस मिनिटं, एकच चीज, शब्द एकही नाही, नाव मात्र स्वातंत्र्य. वेष्टनावर त्यानं चार ओळी लिहिल्या. आशय असा की अमेरिकेची बोली, तिचा विनोद, तिचं संगीत, सगळ्याची मुळं काळ्यांच्या संस्कृतीत आहेत. ज्यानं या देशाला संस्कृती दिली त्याच काळ्या माणसाचा इथं छळ होतो. तेव्हा बसमधल्या जागेसाठीचा माँटगोमेरीचा लढा होऊन दोनच वर्षं झाली होती आणि जॅझवाल्यांत उघड बोलायची रीत पडली नव्हती. वर्तमानपत्रं सोनीला त्या काळातला सगळ्यात मोठा टेनरवाला म्हणत होती आणि त्याच न्यूयॉर्क शहरात त्याला भाड्यानं घर मिळत नव्हतं. कातडी बघून दार बंद. त्या रागातून ही चीज निघाली असं त्यानंच पुढे सांगितलं. बाबासाहेब कोलंबियाची पदवी घेऊन आले आणि १९१७ ला बडोद्यात पारशाच्या धर्मशाळेतून त्यांना काठ्या घेऊन बाहेर काढलं. पदवी घ्या, नाव कमवा, घरमालक दारातून विचारणार ते एकच. मीही एका शहरात आडनाव सांगून तीन घरं गमावली आहेत. चौथ्या ठिकाणी फक्त नाव सांगितलं.

कंपनी घाबरली. ती तबकडी मागे घेतली आणि दुसऱ्या बाजूवरच्या एका गोडशा चालीचं नाव देऊन, ‘शॅडो वॉल्ट्झ’ म्हणून, नव्या वेष्टनात बाजारात आणली. आत संगीत तेच. शब्दच नव्हते तर बंदी कशावर घालणार? म्हणून नावावर घातली. वेष्टन बदललं की आतला राग जाईल असं त्यांना वाटलं असावं.

आपल्यातले काही मित्र म्हणतात, शब्दाशिवाय विद्रोह होत नाही. मी त्यांना हे एकोणीस मिनिटांचं उदाहरण देतो. मामानं रीड खिशात घातली तेव्हा तोही काही भाषण देत नव्हता.

यानंतर जो तो म्हणाला, आता याचे दिवस आले. आणि १९५९ च्या उन्हाळ्यात सोनी गायब झाला. भांडण नाही, तुरुंग नाही, नशा नाही. त्याला वाटलं, लोक म्हणतात तेवढा मी चांगला नाही. एवढंच कारण. घरात वाजवावं तर शेजारची बाई पोटुशी. मग तो जवळच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन वाजवू लागला. मॅनहॅटन आणि ब्रुकलिन जोडणारा हा लोखंडी पूल. खालून बोटी, मधून आगगाडी, बाजूनं मोटारी आणि वर पायवाटेवर टेनर घेतलेला एकटा काळा माणूस. कधी पंधरा-पंधरा तास. ऊन, हिमवर्षाव, काही नाही. बोटीनं भोंगा दिला की हा साक्सवर उत्तर द्यायचा. दोन वर्षं हे चाललं. १९६१ च्या शेवटी तो परत आला आणि १९६२ ला जी तबकडी काढली तिचं नाव ‘द ब्रिज’. काही समीक्षक खट्टू झाले. दोन वर्षं पुलावर बसला आणि एवढाच फरक? त्यांना वाटलं होतं तो काहीतरी नवीन सोंग घेऊन येईल. तो फक्त अधिक चांगला वाजवायला लागला होता.

आता पवई. १९६७-६८ च्या सुमारास सोनी पुन्हा सगळं सोडून निघाला. या खेपेला भारत. अंगावरचे कपडे, थोडं सामान आणि साक्साफोन. मुंबईत उतरला, टॅक्सी केली आणि पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या सांदीपनी साधनालयात गेला. तिथं चारेक महिने राहिला. वेदान्ताचे पाठ ऐकले, योगासनं शिकला. पण ध्यान लागेना. डोळे मिटले की मन सूर धरायचं. त्यानं स्वामींना सांगितलं, तर स्वामी म्हणाले, तू साक्साफोन वाजवतोस तेच तुझं ध्यान, वेगळं काही करायला नको. हे उत्तर त्याला जन्मभर पुरलं, असं तो मुलाखतींतून सांगत आला आहे. माणसाला समाधान मिळालं, चांगलं झालं. पण एवढं सांगायला वेदान्त कशाला पाहिजे होता? कुठल्याही बँडमास्तरनं सांगितलं असतं.

मला इथं थोडं थांबायचंय. याच सांदीपनीत २९ ऑगस्ट १९६४ ला विश्व हिंदू परिषदेची स्थापना झाली. आणि ज्या वेदान्ताचे पाठ तिथं चालत, त्या वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रांवर भाष्य करताना शंकराचार्यांनी शूद्राला वेद ऐकायचा अधिकार नाही असं ठरवलंय आणि दाखला कोणता दिलाय, तर ऐकलाच तर त्याच्या कानात वितळलेलं शिसं आणि लाख ओतावी. कानात! ज्याचं सगळं आयुष्य कानावर, असा माणूस त्या अंगणात बसला होता. त्याला हे कुणी सांगितलं असेल का? गार्व्हीवाल्या आजीचा नातू, फ्रीडम सुटवाला, तो जातीविषयी प्रश्न विचारता झाला असता तर काय उत्तर मिळालं असतं? अमेरिकेतून येणाऱ्याला भारत म्हणजे ऋषींचा देश एवढंच दाखवलं जातं. १९५९ ला मार्टिन ल्यूथर किंग आले, त्यांना निदान एका शाळेत अमेरिकेतला अस्पृश्य अशी ओळख करून दिली गेली, आणि त्यांनी आधी चमकून मग ती मान्य केली. सोनीला तेवढंही मिळालं नाही. पवईपासून लोकलनं तासाभरावर दादरची चैत्यभूमी आहे. बुद्ध त्याला तिथं भेटला असता, आणि तोही माणसाला माणूस म्हणणारा.

पण मी त्याला दोष देत नाही. तो देव शोधायला आला नव्हता, असं मला वाटतं. तो पळून आला होता. क्लबांतून, धंद्यातून, मालकांच्या हिशेबांतून. आपल्याकडेही चळवळीतली माणसं मधेच विपश्यनेला जाऊन बसतात. त्यांना आपण पळपुटे म्हणतो का? काही म्हणतात. मी म्हणत नाही. परत येतो की नाही ते बघायचं.

तो परत गेला आणि १९७२ पासून पुन्हा वाजवू लागला. १९७८ ला मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली, तेव्हा तो पुन्हा आला, या वेळी वाजवायला. पँथर तोवर फुटली होती, मराठवाडा त्याच वर्षी पेटला. नामांतराच्या नावावर आपली घरं जळत होती त्या साली मुंबईत हा माणूस येऊन वाजवून गेला, आणि आपल्या एकाही अंकात त्याचं नाव नाही. मी जुने अंक काढून पाहिले.

ज्यांना ऐकायचं त्यांनी आधी ‘सेंट थॉमस’ ऐकावं. आता ते मोबाइलवर फुकट मिळतं. सुरुवातीचा ढोल आपल्या लोकांना लगेच कळेल. मग ‘फ्रीडम सुट’ची ती एकोणीस मिनिटं. पहिल्या खेपेला वेडंवाकडं वाटेल, कुठं सम आली ते कळणार नाही. दुसऱ्यांदा ढोलावर कान ठेवून ऐका. मॅक्स रोच साक्साफोनच्या मागं चालत नाही, शेजारून चालतो.